पराभूताची स्वाक्षरी

विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी कोणत्याही गावच्या जिल्हा परिषद शाळेत भल्या पहाटे डोकावले, तर मतदान सुरू होण्याच्या सुमारे दीड तास आधी एकाच बाकावर परस्परविरोधी पक्षांचे मतदान प्रतिनिधी दाटीवाटीने बसलेले दिसतात. केंद्राध्यक्ष त्यांच्या समक्ष अभिरूप मतदान घेतो, निदान ५० मते यंत्रात नोंदवून त्यांची बेरीज त्यांना दाखवतो, ती पुसून यंत्र कोरे करतो, आणि त्यानंतर यंत्राला जी कागदी मोहोर लागते तिच्यावर या प्रतिस्पर्ध्यांच्या स्वाक्षऱ्या घेतल्या जातात. मग दिवसभर हीच माणसे शेजारी शेजारी बसून मतदारयादीवर खुणा करीत राहतात. कोणी म्हातारी दाराशी अडखळली तर दोघेही तिला नावाने हाक मारतात, दुपारी एकाच्या फडक्यातली भाकरी दुसऱ्याच्या ठेच्याशी खाल्ली जाते, आणि सायंकाळी नोंदलेल्या मतांचा हिशेब नमुना १७ सी या कागदावर उतरला की त्याची साक्षांकित प्रत प्रत्येकजण आपापल्या पक्षाच्या कचेरीत नेऊन देतो. निवडणुकीच्या साऱ्या व्यवस्थेत हा भाग मला सर्वांत उदात्त वाटतो. जिंकणाऱ्याच्या विजयाला जे प्रामाण्य लाभते, ते हरणाऱ्याचा माणूस तेथे आरंभापासून अखेरपर्यंत हजर होता, त्याने मोहोर पारखली, आणि हरकत घेण्याची पूर्ण मुभा असताना त्याने ती घेतली नाही, म्हणून लाभते. त्या साक्षीची तजवीज कायद्याने मुद्दाम करून ठेवली आहे.

मतमोजणीच्या दुपारनंतर मात्र हे सारे विसरले जाते. तालुक्याच्या गुदामातून निकाल बाहेर येतो, गुलालाची पोती फुटतात, आणि मिरवणूक गावात शिरली की ती नेमकी पराभूत उमेदवाराच्या दाराशी येऊन थबकते. वाद्यांचा आवाज तेथेच चढवला जातो, फटाक्यांच्या माळा तेथेच लागतात, आणि ज्या घरात त्या दिवशी कोणाच्या घशाखाली घास उतरलेला नसतो त्या घराच्या उंबरठ्यावर गुलालाची मूठ टाकून मगच मंडळी पुढे सरकतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर दोन्ही पॅनेलांत एकाच भावकीची माणसे उभी असतात; त्यामुळे त्या दुपारी जी तेढ पडते ती पुढची पाच वर्षे लग्नाच्या आणि तेराव्याच्या पंगतीतही मिटत नाही. उत्साहाच्या भरात असे व्हायचेच, असे म्हणून आपण ही गोष्ट सोडून देतो. मला ती सोडवत नाही, कारण त्या उंबरठ्यावर एकट्या उमेदवाराचा अपमान होत नसतो. गावातल्या ज्या शेकडो माणसांनी संविधानाने दिलेल्या हक्काने त्याला मत दिले, त्या सर्वांना त्या वेळी बजावले जाते की तुमचा कौल तर हरलाच, पण तो देण्याचा तुमचा अधिकारही आम्ही मानीत नाही.

या विषयाला हात घातला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. वरचे पुढारी एकमेकांच्या घरच्या लग्नात मांडीला मांडी लावून जेवतात, मग खालच्या कार्यकर्त्यांनीच एकमेकांची डोकी का फोडावीत? या प्रश्नामागची व्यथा खरी आहे, परंतु पुढाऱ्यांच्या त्या खाजगी स्नेहाला मी राजकीय उमदेपणा समजत नाही. ज्या मुखाने दिवसा जाहीर सभेत प्रतिपक्षाच्या कुळाचा उद्धार व्हावा, त्याच मुखाने रात्री मांडवात त्याला आग्रह करकरून वाढावे, हे जेव्हा सामान्य कार्यकर्ता पाहतो, तेव्हा त्याच्या मनावर सौहार्दाचा संस्कार होत नाही. आपली फसगत झाली एवढेच त्याला कळते, आणि पुढल्या खेपेस तो अधिक कडवट होऊन मैदानात उतरतो. मतभेद जितक्या उघडपणे मांडला, तितक्याच उघडपणे प्रतिपक्षाच्या गुणांची कबुली दिली गेली पाहिजे, नाहीतर त्या कबुलीचा समाजाला काडीचा उपयोग नाही.

निवडणूकच टाळून गावाचा एकोपा राखावा, हा उपायही मला मान्य नाही. बिनविरोध निवडीमागे कोठे कोठे खरोखरीचा समजूतदारपणा असतो. पण २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले, आणि तेथील निवडणूक राज्य निवडणूक आयोगाला रद्द करावी लागली. जेथे स्पर्धाच विकत घेऊन बंद पाडली जाते, तेथे प्रतिस्पर्ध्याचा सन्मान राखण्याचा प्रसंगच येत नाही.

मला काय अभिप्रेत आहे ते पुण्याच्या १९५७ च्या लोकसभा निवडणुकीवरून स्पष्ट व्हावे. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने तेव्हा सारा मराठी मुलूख पेटला होता. मुंबईत गोळीबार होऊन शंभरावर माणसे हुतात्मा झाली होती, आणि काँग्रेसचे नाव घेणे पश्चिम महाराष्ट्रात जिकिरीचे झाले होते. त्या काँग्रेसच्या वतीने पुण्यातून उभे होते काकासाहेब गाडगीळ: स्वातंत्र्यलढ्यात अनेकदा कारावास भोगलेले, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम आणि वीज ही खाती सांभाळलेले, आणि विशेष हे की संयुक्त महाराष्ट्राचा पक्ष खुद्द लोकसभेत, आपल्याच पक्षश्रेष्ठींच्या तोंडावर, निर्भयपणे मांडलेले. त्यांच्या विरोधात संयुक्त महाराष्ट्र समितीने उभे केले नानासाहेब गोरे यांना. १८ मे १९५५ रोजी सेनापती बापटांसमवेत सत्याग्रहींच्या तुकडीचे नेतृत्व करीत ते गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगीजांनी त्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा ठोठावली, आणि आग्वादच्या किल्ल्यातील तुरुंगातून त्यांची सुटका झाली ती निवडणूक अगदी दाराशी आली असताना. पुणेकर मतदारापुढे त्या दिवशी सज्जन आणि दुर्जन असे दोन उमेदवार नव्हते; दोन्ही बाजूंना चारित्र्य होते, त्याग होता, मराठी गद्यावर प्रभुत्व होते, आणि गंमत अशी की ज्या प्रश्नावर निवडणूक लढवली जात होती त्या प्रश्नावर दोघांचे मतही मुळात वेगळे नव्हते. मतदाराने पक्षाच्या धोरणाचा फैसला केला, आणि काकासाहेब हरले.

या निकालाकडे मी पुनःपुन्हा वळतो. त्या वर्षी काकासाहेबांच्या विरोधात मत देणाऱ्या माणसाला त्यांचे लोकसभेतील भाषण विसरण्याची गरज नव्हती, त्यांना मराठी जनतेचा वैरी ठरवण्याची तर मुळीच नव्हती. मतदान हे एका विशिष्ट वेळी, एका विशिष्ट प्रश्नावर मागितलेले उत्तर असते. त्यात उमेदवाराच्या समग्र आयुष्याचा निवाडा नसतो. पुढे काकासाहेब पंजाबचे राज्यपाल झाले, परत येऊन पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले; आणि नानासाहेबांना १९६२ मध्ये याच पुण्याने पराभूत केले, तरी काही वर्षांनी तेच या शहराचे महापौर झाले, आणि १९७७ नंतर लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त. पुण्याने दोघांनाही एकेकदा घरी बसवले. दोघांपैकी कोणालाही त्याने कायमचे मोडीत काढले नाही.

मृत्यूनंतरच्या औदार्यात महाराष्ट्र कधी मागे राहिलेला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा ज्यांच्याशी त्यांचे हाडवैर जगाला ठाऊक होते त्या टिळकांनीच केसरीत त्यांच्यावर हृदयस्पर्शी लेख लिहिला. १९१५ मध्ये गोखले निवर्तले तेव्हा सुरतेच्या फाटाफुटीचा सारा कडवटपणा बाजूस ठेवून त्याच टिळकांनी स्मशानभूमीत त्यांच्या देशसेवेचा गौरव केला. आचार्य अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंवर ‘मराठा’तून जी आग पाखडली ती त्या पिढीच्या वाचकांना पाठ होती, पण २७ मे १९६४ ला नेहरू गेले, आणि त्याच पत्रात अत्र्यांनी त्यांच्यावर शोकाकुल अग्रलेखांची अशी मालिका लिहिली की पुढे तिचे ‘सूर्यास्त’ हे पुस्तक झाले. हे सारे आपले वैभव आहे आणि ते मी कमी लेखीत नाही. परंतु दिवंगत माणूस पुढची निवडणूक लढवीत नाही. त्याला दिलेल्या श्रेयाने आपल्या पक्षाचे एक मतही घटत नाही. प्रतिपक्षाचा मनुष्य हयात आहे, उद्या पुन्हा आपल्यासमोर दंड थोपटून उभा राहणार आहे, त्याच्या हाती दिलेले प्रत्येक साधन तो आपल्याविरुद्धच वापरणार आहे, हे पक्के ठाऊक असताना त्याचे स्थान राखणे, ही त्याहून पुष्कळ कठीण गोष्ट आहे, आणि तिचीही उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४६ मध्ये संविधान सभेवर निवडून गेले ते बंगालमधून. फाळणीने ती जागा गेली. १९४५ मध्येच त्यांनी काँग्रेस आणि गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची झाडाझडती घेणारा ग्रंथ प्रसिद्ध केलेला होता, तेव्हा काँग्रेसच्या मंडळींनी या घडीला स्वस्थ बसायचे ठरवले असते तरी त्यांना कोणी कायद्याने दोष देऊ शकले नसते. उलट ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून बाबासाहेबांची निवड तातडीने व्हावी असे कळवले, बॅरिस्टर जयकरांनी रिकामी केलेली जागा त्यासाठी उपयोगी पडली, आणि ऑगस्टमध्ये तर बाबासाहेब देशाचे पहिले कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. या कथेचा एवढाच भाग आपण आवडीने सांगतो. दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी संविधान सभेचे काम सुरळीत पार पडल्याचे श्रेय काँग्रेस पक्षाच्या शिस्तीला मोकळेपणाने दिले. तेवढ्यावर न थांबता, ज्यांनी कलमाकलमाला हरकती घेऊन, दुरुस्त्या सुचवून त्यांना अक्षरशः भंडावून सोडले होते, त्या हरी विष्णू कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू आदी सभासदांची त्यांनी नावे घेतली आणि त्यांचे आभार मानले. त्यांच्या सूचना आपण मान्य करू शकलो नाही, पण त्यांच्यामुळे संविधानामागची तत्त्वे मांडून दाखवण्याची संधी आपल्याला मिळाली, असा त्याचा आशय होता. ज्याची दुरुस्ती आपण फेटाळली त्याचे ऋण मान्य करण्याची ही वृत्ती, मला वाटते, प्रत्येक सभागृहाच्या पहिल्या दिवशी नव्या सभासदांना समजावून सांगितली पाहिजे.

याच काँग्रेसने १९५२ मध्ये उत्तर मुंबईत त्यांच्याविरुद्ध नारायणराव काजरोळकरांना उभे केले, आणि बाबासाहेब १४ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. ही सल आंबेडकरी जनतेच्या मनात आजही आहे आणि ती असणे स्वाभाविक आहे. तरीही माझे मत असे की उमेदवार उभा करणे यात अवमान नव्हता. काजरोळकर स्वतः दलित समाजातून आलेले कार्यकर्ते होते आणि निवडणूक लढवण्याचा हक्क त्यांनाही तितकाच होता. त्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळाने बाबासाहेबांना राज्यसभेवर पाठवले. लढत कसून झाली, म्हणून संसदेचे दार बंद झाले नाही.

१९७७ चा प्रसंग तर अधिकच विचार करण्याजोगा आहे. आणीबाणीत ज्यांना तुरुंगात डांबले गेले, ते मोरारजी देसाई, अटलबिहारी वाजपेयी, मधु दंडवते त्या मार्चमध्ये मंत्री म्हणून सत्तेच्या बाकांवर येऊन बसले. आणि समोर विरोधी पक्षनेते होते यशवंतराव चव्हाण, जे आणीबाणीतल्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते. सूड घ्यायचा तर संधी समोर चालून आली होती. त्या सरकारने त्याच वर्षी कायदा करून विरोधी पक्षनेत्याला वेतन, निवास आणि मंत्र्याच्या तोडीच्या सवलती दिल्या. कारावासातून सुटून वर्षही झाले नाही तोच, ज्या पक्षाच्या सरकारने आपल्याला कारावासात धाडले त्याच पक्षाच्या नेत्याला त्यांनी संसदेत कायद्याचे अधिष्ठान दिले. आणि यशवंतराव त्या उपकाराने मिंधे झाले नाहीत: जुलै १९७९ मध्ये त्यांनीच त्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला, आणि ते सरकार गेले. दोन्ही कृती मला सारख्याच योग्य वाटतात. प्रतिपक्षाला मान देताना त्याने आपल्याशी गोड बोलावे अशी अपेक्षा ठेवली, तर तो मान राहत नाही, तो सौदा होतो.

त्या कायद्यात विरोधी पक्षनेता होण्यासाठी सभागृहाच्या एक दशांश जागांची अट कोठेही लिहिलेली नाही. संख्येने सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढीच त्याची व्याख्या आहे. एक दशांशाचा संकेत लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या काळापासून पक्षांच्या मान्यतेसंबंधी चालत आला, आणि त्याच्या आधारे १९८० व १९८४ मध्ये काँग्रेसच्या बहुमताने, २०१४ व २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या बहुमताने लोकसभेतील ते आसन रिकामे राहू दिले. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २८८ च्या सभागृहात सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाला २० जागा मिळाल्या, २९ चा आकडा कोणीच गाठला नाही, आणि पुढची अधिवेशने विधानसभेने विरोधी पक्षनेत्यावाचून पार पाडली. याउलट दिल्लीच्या विधानसभेत २०१५ मध्ये ७० पैकी ६७ जागा एकाच पक्षाकडे असताना उरलेल्या तिघांच्या नेत्याला ती मान्यता मिळाली होती. आज जो पक्ष सत्तेत आहे त्याच्याविषयी मी हे लिहीत आहे असे कोणी समजू नये. उद्या खुर्च्यांची अदलाबदल झाली तरी माझी मागणी हीच राहील की ते आसन भरले जावे. शेकडा दहा जागा मिळाल्या नाहीत म्हणून त्या पक्षांना मते देणारे लाखो नागरिक नाहीसे होत नाहीत, आणि सभागृहात त्यांच्या वतीने बोलण्याचा पहिला मान कोणाला तरी असावा लागतो.

विरोधकाला सामावून घेतल्याने राज्याचे काय भले होते, याचे उत्तर रोजगार हमी योजनेने दिलेले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग केला. ते काँग्रेसचे होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांचे मोर्चे काढून सरकारला घाम फोडणारे दत्ता देशमुख, मृणाल गोरे आदी विरोधी पुढारी होते. सरकारने त्या मोर्चांकडे नुसता उपद्रव म्हणून पाहिले असते, तर योजना दुष्काळाबरोबर गुंडाळली गेली असती; दोन्ही बाजूंच्या रेट्याने आणि संमतीने तिचा कायदा झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तीच आधारभूत ठरली.

उलट बाजूने, आपल्याला मते न देणाऱ्या वाडीचा नळ आणि रस्ता शेवटच्या पानावर ढकलायचा, ही जी रीत खेड्यापाड्यांत रुळली आहे, तिला आवर घालणे निव्वळ उपदेशाने शक्य नाही. कोणत्या वाडीने कोणाला किती मते दिली हे विजयी उमेदवाराला तंतोतंत कळते, कारण यंत्रांवरील मोजणी केंद्रनिहाय होते आणि केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध होतात. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद याच भीतीपोटी केली गेली होती. यंत्रांच्या बाबतीतही अनेक केंद्रांची मते एकदम मोजून फक्त एकूण बेरीज दाखवणारे उपकरण, टोटलायझर, वापरावे असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले, आणि विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र ती मानली नाही. केंद्रनिहाय आकड्यांमुळे मोजणीतील गैरप्रकार पकडता येतात असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी जाणतो, आणि तपासणीसाठी ते आकडे आयोगाच्या दप्तरी मोहोरबंद ठेवण्याची सोय करता येईल असे मला वाटते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने या शिफारशीचा पुनर्विचार व्हावा असा ठराव मंजूर करून केंद्राकडे धाडावा, आणि त्या ठरावावर सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही बाकांवरील सदस्यांनी मिळून सह्या कराव्यात.